तीन झेंडे आणि डबल बारा

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका. लांजीच्या बाजूला निघालं की मध्य प्रदेश लागतो, दरेकसा ओलांडून डोंगरगडकडे गेलं की छत्तीसगड. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२३४ चौरस किलोमीटर. सिंगापूरने समुद्रात भराव टाकून टाकून जमीन वाढवली, तरी तो अख्खा देश साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आत बसतो. म्हणजे एकट्या गोंदिया जिल्ह्यात सिंगापूर सात वेळा मावेल. माणसं मात्र तिथे साठ लाखांच्या घरात, आणि गोंदियात २०११च्या जनगणनेत सव्वातेरा लाख.

सिंगापूर या एवढ्याशा देशात २५ जानेवारी १९५४ रोजी पॉल लिम यांचा जन्म झाला. पेशाने ते आचारी. पण डार्ट्सच्या इतिहासात त्यांचं नाव आहे ते एका डावातल्या नऊ बाणांमुळे. शिवाय वयाची सत्तरी ओलांडल्यावरही ते जागतिक स्पर्धेच्या मंचावर उभे होते. त्यांची कारकीर्द नीट पाहिली की या धंद्याचं एक गुपित उघड होतं. लहान देशातल्या खेळाडूची अडचण नेमाची नसते, नेम कुठेही जन्माला येतो. अडचण असते ती खेळ पोटाला पुरवण्याची, आणि त्यासाठी कुठल्या गावी जाऊन राहायचं याची.

डार्ट्स हा इंग्लंडच्या दारूच्या गुत्त्यांतला खेळ. आधी लाकडाच्या ओंडक्याची गोल चकती भिंतीला टांगायची आणि तिच्यावर छोटे बाण फेकायचे. लाकूड रात्री भिजवून ठेवावं लागे, नाहीतर ते तडकायचं आणि बाण रुतायचा नाही. १९३०च्या दशकात घायपाताच्या जातीच्या सिसलच्या धाग्यांची फळी आली. बाण काढला की धागे आपोआप मिटायचे, त्यामुळे फळी वर्षानुवर्षं टिकू लागली. तिच्यावरच्या आकड्यांची उलटसुलट मांडणी १८९६ साली ब्रायन गॅमलिन नावाच्या सुताराने केली असं सांगतात. याला भक्कम पुरावा कुणाकडेच नाही, पण ज्याने केली तो माणूस खट होता हे नक्की. सर्वात वर वीस, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक आणि पाच. मोठ्या आकड्याचा लोभ धरून नेम जरा हुकला, की हाती एक किंवा पाचच लागतात.

नियमही तसेच काटेकोर. फळीचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंच, फेकणारा २.३७ मीटर लांब. बाहेरच्या कडेला आठ मिलिमीटर रुंदीचं कडं, तिथे बाण लागला तर आकडा दुप्पट. आत तसंच दुसरं कडं, तिथे तिप्पट. ५०१ गुणांपासून खाली उतरत जायचं, आणि शेवटचा बाण दुपटीच्या कड्यातच लागला पाहिजे. आठ मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा जेमतेम एखादा मिलिमीटर जास्त.

गुत्त्यातल्या या खेळाला स्पर्धेचं वळण दिलं एका वर्तमानपत्राने. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने १९२७ साली लंडनमध्ये स्पर्धा सुरू केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती देशभर नेली. तरी तोवर हा फावल्या वेळेचाच उद्योग होता. गिरणी, खाण, गोदी यांतली पाळी संपवून माणसं खेळायला यायची. १९७३ साली ऑली क्रॉफ्ट यांनी लंडनमध्ये ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन काढली, आणि १९७८ साली एम्बसी या सिगारेटच्या नावाने पहिली जागतिक स्पर्धा नॉटिंगहॅमला भरली. ती इंग्लंडच्या कुणी जिंकली नाही. वेल्सच्या लेटन रीसने जॉन लोवला हरवून तीन हजार पौंड घेतले. चार वर्षांनी स्कॉटलंडच्या जॉकी विल्सनने तोच करंडक उचलला. म्हणजे लहान देशांची माणसं या खेळात पहिल्यापासून होती. मात्र वेल्सहून नॉटिंगहॅमला सकाळी गाडीत बसून जाता येतं, सिंगापूरहून नाही.

लिम १९७०च्या दशकात इंग्लंडला गेले ते स्वयंपाकाचं शिक्षण घ्यायला. संध्याकाळी गुत्त्यात फळी टांगलेली असायची, तिथे हात बसला. पुढे नोकरीसाठी ते पापुआ न्यू गिनीत गेले. हा देश १९७५ साली ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र झाला होता आणि तिथल्या हॉटेलांना आचारी हवे होते. १९८२ साली स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जागतिक स्पर्धेत लिम पहिल्यांदा उतरले ते पापुआ न्यू गिनीच्या नावाने. जन्माने सिंगापूरचे, शिकलेले इंग्लंडात, आणि अंगावर तिसऱ्याच देशाचं नाव! त्यानंतर ते अमेरिकेत जाऊन राहिले आणि अमेरिकेकडून खेळू लागले. सिंगापूरचा झेंडा त्यांच्या नावापुढे लागायला बरीच वर्षं जावी लागली.

याला कुणी निष्ठा बदलणं म्हणेल, पण तो आरोप टिकत नाही. क्रिकेटपटूला मंडळ असतं, फुटबॉलपटूला क्लब असतो. डार्ट्सच्या खेळाडूला त्या काळी स्वतःच्या पगारातून तिकीट काढावं लागे. नोकरी जिकडे नेईल तिकडे घर, आणि घर जिथे तिथली संघटना. आचाऱ्याच्या हाताला जगभर काम मिळतं, एवढंच लिम यांचं भांडवल होतं. ते स्वयंपाकघरात नसते तर ही कारकीर्द घडलीच नसती, असं म्हणायला हरकत नाही.

९ जानेवारी १९९०. सरे परगण्यातल्या फ्रिमली ग्रीन इथला लेकसाइड कंट्री क्लब. दुसरी फेरी, समोर आयर्लंडचा जॅक मकेना. ५०१ गुण संपवायला कमीत कमी नऊ बाण लागतात. पहिल्या तीन बाणांत १८०, पुढच्या तिनांत पुन्हा १८०. उरले १४१. सातवा बाण विसाच्या तिपटीत, राहिले ८१. आठवा एकोणिसाच्या तिपटीत. विसाचं घर अगदी वर तर एकोणिसाचं जवळपास तळाशी, म्हणजे नजर आणि मनगट दोन्ही खाली उतरवावी लागतात. राहिले २४. आता बाराची दुप्पट, फळीच्या डाव्या अंगाला, पाच आणि नऊ यांच्या मधोमध.

चोवीस हा तसा खेळाडूंच्या आवडीचा आकडा. बाण आतल्या बाजूला हुकून साधा बारा लागला, तर बारा उरतात आणि सहाची दुप्पट मागता येते. तीही तशीच हुकली तर तिनाची. म्हणजे हुकलं तरी वाट बंद होत नाही. पण नऊ बाणांच्या खेळात दहाव्या बाणाला किंमत शून्य.

लिम यांचा नववा बाण कड्यात बसला. जागतिक स्पर्धेत नऊ बाणांत डाव संपवणारे ते पहिले. टीव्हीवर ही करामत जॉन लोव यांनी १९८४ साली एका वेगळ्या स्पर्धेत करून दाखवली होती आणि त्याचे १,०२,००० पौंड मिळवले होते. जागतिक स्पर्धेच्या मंचावर मात्र ती कुणालाच जमली नव्हती. प्रायोजकांनी यासाठी ५२,००० पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं. ते कुणाला द्यावं लागेल असं बहुधा त्यांनाही वाटलं नसावं. कारण त्या वर्षीच्या विजेत्याची रक्कम होती २४,००० पौंड. स्पर्धा जिंकणाऱ्याच्या दुपटीहून जास्त पैसे एका डावाचे!

तो विजेता होता फिल टेलर. स्टोकचा हा माणूस एका कारखान्यात संडासाच्या साखळीला लावायच्या चिनी मातीच्या मुठी बनवायचा. त्याचा हात पाहून पाच वेळा जगज्जेता झालेल्या एरिक ब्रिस्टोने त्याला पैसे पुरवले, नोकरी सोडायला लावली. त्याच टेलरने १९९०च्या अंतिम सामन्यात ब्रिस्टोला ६-१ असं झोडपलं, आणि पुढे आणखी पंधरा जागतिक विजेतेपदं घेतली. इथे टेलर आणि लिम यांच्या वाटा वेगळ्या होतात. टेलरच्या गावातच जगज्जेता राहत होता आणि त्याने उधारी दिली. लिम यांच्या गावात असं कुणी नव्हतं.

शिवाय लिम यांनी करामत केली ती नेमकी पडत्या काळात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश टीव्हीने डार्ट्सकडे पाठ फिरवली होती. मंचावर सिगारेट आणि बिअर घेऊन उभे असलेले पोटाळे गडी जाहिरातदारांना नकोसे झाले, आणि वर्षातून जेमतेम एकच मोठी स्पर्धा पडद्यावर उरली. अव्वल खेळाडू चिडले. त्यांनी १९९२ साली स्वतःची संघटना काढली, कोर्टकचेऱ्या झाल्या, १९९७ साली तडजोड झाली आणि दोन संघटना, दोन जागतिक स्पर्धा कायम राहिल्या. नव्या संघटनेची पीडीसी, म्हणजे प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन, बनली. आज पैसा आहे तो तिच्याकडे. जुन्या संघटनेची जागतिक स्पर्धा २०२० साली शेवटची भरली, आणि तोवर तिथे लिम यांच्यानंतर पुरुषांत कुणालाही नऊ बाणांचा डाव जमला नाही. दुसऱ्या स्पर्धेत तो यायलाही २००९ साल उजाडलं. ते काम नेदरलँड्सच्या रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्डने केलं.

व्हॅन बार्नेव्हेल्ड पोस्टमन होता. १९९८ साली तो लेकसाइडला जगज्जेता झाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा. सिंगापूरइतका नाही, तरी नेदरलँड्सही लहानच देश. पण तिथे एका पोस्टमनच्या विजयाने सगळं पालटलं. लाखो लोक रात्री जागून टीव्हीवर डार्ट्स पाहू लागले, प्रायोजक आले, पोरांनी घरोघरी फळ्या टांगल्या. त्याच लाटेतून मायकेल व्हॅन गर्वेन निघाला. इंग्लंड जवळ, भाषा अवगत, टीव्ही वाहिन्या श्रीमंत. लहान देशालाही घरचा बाजार मिळाला की काय होतं, याचं हे उदाहरण.

आशियात मात्र खेळ वाढला तो वेगळ्याच वाटेने. अमेरिकेत १९७०च्या दशकात प्लास्टिकच्या टोकांचे बाण आणि विजेवर चालणारी फळी आली. फळीत बारीक भोकं, बाण आत शिरला की यंत्र आपोआप बेरीज-वजाबाकी करतं, दिवे लावतं, गाणं वाजवतं. नाणं टाका आणि खेळा. इंग्लिश गुत्त्यातल्या जुन्या खोडांना हा पोरखेळ वाटला. जपान, हाँगकाँग, सिंगापूर इथल्या बारमालकांना मात्र त्यात धंदा दिसला, कारण हिशेब ठेवायला पंच लागत नाही आणि गल्ला यंत्रातच जमतो. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनी स्पर्धा भरवल्या, खेळाडूंना मानधन दिलं. लिम यांना उत्तरायुष्यात आधार मिळाला तो या दुनियेत. ज्या खंडातून ते चुलीपुढे उभं राहण्यासाठी बाहेर पडले होते, त्याच खंडात बाणांवर जगता येऊ लागलं.

आपल्याकडे बाणाने निशाणा साधायची हौस जुनीच आहे. सालेकसा, आमगाव, देवरी या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडार हे लोकनाट्य चालतं आणि दिवसा फुगे फोडायच्या दुकानापुढे पोरांची झुंबड उडते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांपाशी गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, तिथेही पालांच्या रांगेत असा एखादा खेळ असतोच. धनुष्यबाण तर या जंगलपट्ट्यातल्या आदिवासींचा पिढीजात. पण या हौसेचा पेशा व्हायचा तर सोबत बरंच काही लागतं. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद घेतलं, अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवून. त्यासाठी त्याला विदर्भ सोडून साताऱ्याला प्रवीण सावंत यांच्याकडे जाऊन राहावं लागलं. आठ-नऊशे किलोमीटरचा हा पल्ला. लिम यांचा त्याहून कितीतरी लांबचा, पण घर सोडल्याशिवाय गुरू आणि मैदान मिळत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

डार्ट्सच्या सगळ्यात जवळचा आपला खेळ म्हणजे कॅरम. तोही घरगुती, तोही दिव्याखालचा, त्यातही बोटाच्या पेरभर चुकीला क्षमा नाही. आणि कॅरमच्या खेळाडूचा संसार कसा चालतो? मुंबईचा प्रशांत मोरे २०१६ साली बर्मिंगहॅमला जगज्जेता झाला, तो रिझर्व्ह बँकेचा कर्मचारी. बिहारची रश्मी कुमारी ओएनजीसीची. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना दोनदा जागतिक विजेतेपद मिळवल्यावर १९९६चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बँका, तेल कंपन्या, विमा महामंडळ यांनी क्रीडा कोट्यातून नोकऱ्या दिल्या म्हणून भारतीय कॅरम टिकलं. बक्षिसाच्या रकमेवर कुणाचं घर चाललं असतं असं वाटत नाही. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो, सरावाला सवलत मिळते, आणि निवृत्तीनंतर पेन्शन. ही सोय वाईट नाही. मात्र खेळाडू 'कर्मचारी' राहतो, आणि खेळही कार्यालयीन स्पर्धांच्या तारखांवर चालतो. डार्ट्सने दुसरं टोक गाठलं. तिथे नोकरी सोडायची, आणि जिंकलात तरच जेवायचं.

हे दुसरं टोक किती उंच गेलं आहे ते पाहण्यासारखं आहे. १९७८ साली जगज्जेत्याला तीन हजार पौंड मिळाले होते. २०२६च्या स्पर्धेत १२८ खेळाडू होते आणि विजेत्याची रक्कम दहा लाख पौंड. ती नेली ल्यूक लिटलरने. सतरा वर्षांचा असताना तो पहिल्यांदा जगज्जेता झाला होता आणि पुढच्या वर्षी त्याने किताब राखला. पूर्णवेळ खेळणाऱ्या या नव्या पिढीपुढे जुना आचारी टिकेल असं कुणी म्हटलं नसतं.

तरी लिम येत राहिले, आणि आता सिंगापूरच्या नावाने. २०१७ साली फ्रँकफर्टला सांघिक विश्वचषकात त्यांनी हरिथ लिमच्या जोडीने स्कॉटलंडला ५-२ असं हरवलं. समोर गॅरी अँडरसन आणि पीटर राइट, म्हणजे एक दोनदा जगज्जेता झालेला आणि दुसरा पुढे होणारा. डिसेंबर २०१७ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये पीडीसीच्या जागतिक स्पर्धेत ६३ वर्षांच्या लिम यांनी आधी मार्क वेबस्टरला पाडलं. पुढच्या फेरीत पुन्हा अँडरसन. त्या सामन्यात एका डावात लिम यांचे आठ बाण बिनचूक बसले आणि उरली बाराची दुप्पट. तोच आकडा, तेच घर. सगळी गर्दी उभी राहून ओरडत होती. या वेळी बाण कड्यात बसला नाही. सामना अँडरसनने जिंकला, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं हरणाऱ्याचं.

पुढे २०२०च्या डिसेंबरात, कोरोनाच्या सावटाखाली, त्यांनी ल्यूक हम्फ्रीजला ३-२ असं हरवलं. हम्फ्रीज पुढे २०२४ साली जगज्जेता झाला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये ७१व्या वर्षी लिम यांनी जेफ्री डी ग्राफवर ३-१ अशी मात केली. या स्पर्धेत सामना जिंकणारा एवढ्या वयाचा खेळाडू याआधी झाला नव्हता. गंमत म्हणजे डी ग्राफ जन्माने डच आणि खेळतो स्वीडनकडून. त्यामुळे लिम यांचे तीन झेंडे आता कुणाला फारसे खटकत नाहीत. पुढच्या फेरीत गाठ पुन्हा हम्फ्रीजशीच पडली, आणि त्याने जुनी बाकी चुकती केली.

याच स्पर्धेत भारताचंही खातं उघडलं. नितीन कुमार त्याआधी अनेकदा या मंचावर येऊन पहिल्याच फेरीत परतला होता. २०२५च्या डिसेंबरात त्याने नेदरलँड्सच्या रिचर्ड वीन्स्ट्राला हरवलं, आणि जागतिक स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. दीड अब्ज लोकसंख्येचा देश डार्ट्सच्या नकाशावर मात्र पापुआ न्यू गिनीइतकाच छोटा. आशियातल्या स्पर्धांत भारतीय खेळाडूला जपान, फिलिपिन्स, हाँगकाँग, सिंगापूर इथल्या खेळाडूंशी झगडावं लागतं. तिथे गल्लोगल्ली यंत्रं आहेत, दर आठवड्याला स्पर्धा आहेत. फिलिपिन्सच्या लॉरेन्स इलागनचं किंवा जपानच्या हारुकी मुरामात्सूचं नाव युरोपातले प्रेक्षकही ओळखतात. भारतीय खेळाडूला आधी सरावालाच तोडीस तोड जोडीदार शोधावा लागतो, आणि परदेशच्या तिकिटाची सोय लावावी लागते. लिम यांनी १९८२ साली जी सोय पगारातून लावली होती, तीच.